सरासरीच्या खालचे जिल्हे

२८ सप्टेंबर १९५३ रोजी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा या तीन प्रदेशांतील पुढाऱ्यांनी ज्या नागपूर करारावर सह्या केल्या, तो आज वाचावयास घेतला असता प्रथम जाणवते ती त्यातील कोरडी व्यवहारदक्षता. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे ही आकांक्षा त्या काळी सभासंमेलनांतून ज्या आवेशाने उच्चारली जात होती, त्या आवेशाचा लवलेशही या कागदात नाही. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील प्रभृतींनी जणू संसार मांडण्यापूर्वीच वाटणीपत्र लिहून ठेविले होते. राजधानी मुंबईस राहील. उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ मुंबईस आणि दुसरे नागपुरास असेल. विकासाचा व कारभाराचा खर्च करताना महाविदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित राज्य असे तीन घटक धरून लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा दिला जाईल, मात्र मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष पुरविले जाईल. या वाटपाचा अहवाल दरसाल विधानसभेपुढे येईल. सरकारी नोकऱ्यांत आणि शिक्षणसंस्थांतील प्रवेशांत प्रत्येक प्रदेशास आपला वाटा मिळेल. आणि वर्षातून काही काळ सरकारचा मुक्काम नागपुरास हलून विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे भरेल, अशी त्याची कलमे. यांपैकी अधिवेशनाचे कलम काही अपवाद वगळता नेमाने पाळले गेले, कारण ते पाळले की नाही हे कोणासही डोळ्यांनी दिसत होते. खर्चाच्या वाटपाचे कलम पाळले जाते की नाही, हे ठरविण्यास मात्र हिशेब लागतो, आणि तो हिशेब करण्याची वेळ यावयास तीस वर्षे लोटली.

करारातील सावधगिरीस कारणे होती. नागपूर हे त्या वेळी मध्य प्रदेशाची, आणि त्यापूर्वी मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी होते; सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि त्यांच्या आश्रयाने वाढलेला वकील-कारकून-प्राध्यापकांचा मोठा वर्ग या शहरात नांदत होता, आणि मुंबईच्या राज्यात सामील होणे म्हणजे ही सारी प्रतिष्ठा स्वहस्ते उतरवून ठेवणे होते. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली विदर्भाचे स्वतंत्र राज्य सुचविले होते, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. मराठवाड्याची कथा निराळी. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून सुटलेल्या या पाच जिल्ह्यांच्या पदरात पाटबंधारे थोडे, महाविद्यालये त्याहून थोडी आणि मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा एक मीटरगेज लोहमार्ग एवढीच पुंजी होती. तो मार्ग रुंद व्हावयास पुढे नव्वदचे दशक उजाडावे लागले.

१९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने ३७१ व्या अनुच्छेदाला जो नवा मजकूर मिळाला, त्यात या कराराचा आशय बराचसा उतरला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापण्याची, विकासखर्चाच्या समन्यायी वाटपाची, आणि तंत्रशिक्षण व नोकऱ्या यांबाबत पुरेशी व्यवस्था करण्याची विशेष जबाबदारी राष्ट्रपतींच्या आदेशाने राज्यपालांवर सोपविता येईल, अशी ती योजना होती. राष्ट्रपतींचा तो आदेश निघाला ९ मार्च १९९४ रोजी. मधली अडतीस वर्षे राज्यघटनेतील ही तरतूद दप्तरी पडून राहिली. यशवंतरावांनी १९६० साली विधिमंडळात नागपूर कराराचा शब्द पाळण्याचे आश्वासन दिले होते, आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु राज्यपालाकडे असा अधिकार जाणे कोणत्याही निर्वाचित मंत्रिमंडळास रुचणारे नव्हते.

या मधल्या काळात सरकार स्वस्थ बसले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना लागू झाली. कारखानदाराने मुंबई-ठाणे-पुण्याच्या बाहेर जावे म्हणून त्यास विक्रीकरात सवलत, भांडवली अनुदान, स्वस्त भूखंड द्यावयाचे, आणि प्रदेश जितका मागास तितकी सवलत अधिक, हा तिचा गाभा. तालुक्यांची वर्गवारी अ, ब, क, ड अशी झाली, पुढे ‘ड अधिक’ आणि ‘विनाउद्योग जिल्हा’ असेही वर्ग निघाले. उद्योग बाहेर गेले खरे, परंतु ते जेथे सवलत आरंभ होते तेथे थांबले. नाशिक, अहमदनगर आणि औरंगाबाद ही तीन गावे याची ठळक उदाहरणे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला आणि औरंगाबादचे रूप पाहता पाहता पालटले. सुटे भाग करणारे लहान कारखाने, त्यांचे ठेकेदार, खोल्या भाड्याने देणारे पूर्वाश्रमीचे शेतकरी अशी एक नवी वस्तीच तेथे जन्मास आली. कागदोपत्री हा मराठवाड्याचा औद्योगिक विकास होता. परभणीच्या वा हिंगोलीच्या तरुणास मात्र तो औरंगाबादेस जाऊनच भोगावा लागला. पुण्याहून चार-सहा तासांत ट्रक पोहोचेल एवढ्या अंतरावर मागास तालुक्याची सवलत मिळत असता कारखानदाराने आणखी दोनशे किलोमीटर पुढे का जावे, या प्रश्नाला सवलतींच्या कोष्टकात उत्तर नव्हते.

हिशेब मागण्याची वेळ आली ती १९८३ साली. प्रादेशिक असमतोलाची तक्रार विधिमंडळात इतकी वाढली की मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने सत्यशोधन समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद वि. म. दांडेकर यांजकडे दिले. दांडेकर हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे. नीळकंठ रथ यांच्यासह त्यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याने साऱ्या देशात वाद माजविला होता. आकड्यांशी त्यांचे नाते निर्मम होते. प्रदेशाच्या अस्मितेशी तर काहीच नव्हते, आणि ही गोष्ट पुढे पुष्कळांना खुपली.

समितीने रस्ते, पाटबंधारे, वीज, सामान्य व तांत्रिक शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास, पशुवैद्यक अशी क्षेत्रे घेतली आणि प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढून, जो जिल्हा त्या सरासरीच्या खाली असेल त्यास सरासरीपर्यंत आणण्यास किती खर्च येईल ते मांडले. या रकमेस ‘अनुशेष’ हे नाव पडले. पाटबंधाऱ्यांचे मोजमाप विशेष कुतूहलाचे आहे. एका ठिकाणी उसाला बारमाही पाणी मिळते तर दुसऱ्या ठिकाणी ज्वारीला दोन पाळ्या, तेव्हा नुसती हेक्टरे मोजून चालणार नाही हे ओळखून साऱ्या सिंचनक्षमतेचे रूपांतर रब्बी समतुल्य क्षेत्रात केले गेले आणि मगच ते लागवडीच्या क्षेत्राशी ताडून पाहिले गेले. एप्रिल १९८४ मध्ये अहवाल आला, तेव्हा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपयांचा भरला. त्यात विदर्भाचा भाग १,२४६.५४ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी, आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी. निम्म्याहून काहीशी कमी रक्कम एकट्या पाटबंधाऱ्यांची, म्हणजे १,३८५.९२ कोटींची होती, आणि तिच्यातही सर्वांत मोठा हिस्सा, ५३४.९१ कोटींचा, उर्वरित महाराष्ट्राकडेच होता!

हे आकडे कोणासच गोड लागले नाहीत. विदर्भाच्या पुढाऱ्यांस अन्यायाचा अधिकृत दाखला हवा होता, तो मिळाला; परंतु त्याच कागदावर ज्यांच्यावर आरोप होता त्यांच्याही नावे साडेसदतीस टक्क्यांच्या जवळ जाणारी बाकी लिहिलेली होती. दांडेकरांनी प्रदेश न धरता जिल्हा धरला, याचा हा परिणाम. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या अहवालातील सर्वांत प्रामाणिक निर्णय हाच होता. ‘पश्चिम महाराष्ट्र खातो’ असे म्हणताना डोळ्यांपुढे येतात ते कोल्हापूर, सांगलीचा कृष्णाकाठ आणि नगरच्या उत्तर भागातील साखर कारखान्यांचे तालुके. परंतु उर्वरित महाराष्ट्राच्या त्याच रकान्यात रत्नागिरीही बसते, सिंधुदुर्गही बसते आणि सातपुड्यातील अक्राणीही बसते. सरकारने अहवाल औपचारिकरीत्या न स्वीकारताच त्याच्या आधारे अनुशेषासाठी वेगळ्या तरतुदी करण्यास सुरुवात केली. नाकारला तर विदर्भ पेटेल आणि स्वीकारला तर पैसा बांधला जाईल, या दोन्ही भयांतून काढलेला हा जुनाच सरकारी मार्ग.

परंतु सरासरीच्या पद्धतीत एक मूलभूत अडचण आहे, आणि ती शाळकरी अंकगणिताने दाखविता येते. समजा एका राज्यात सारख्याच आकाराचे चार जिल्हे आहेत आणि त्यांत दर शंभर हेक्टरांमागे ओलिताचे क्षेत्र अनुक्रमे ४०, ३०, २० आणि १० हेक्टर आहे. सरासरी २५. तिसऱ्या जिल्ह्याचा अनुशेष ५, चौथ्याचा १५, एकूण २०. सरकारने प्रामाणिकपणे तो सारा भरून काढला, आणि पहिल्या दोन जिल्ह्यांनी मधल्या काळात एक पाटही खणला नाही, असे घटकाभर मानू. आता आकडे झाले ४०, ३०, २५, २५. सरासरी ३०, आणि अनुशेष पुन्हा १०. तोही भरला, तर आकडे होतात ४०, ३०, ३०, ३०. सरासरी साडेबत्तीस, आणि आता तीन जिल्हे मागास ठरतात, ज्यांत मुळात सरासरीच्या वर असलेला, स्वतः यत्किंचितही मागे न सरकलेला दुसरा जिल्हा येऊन बसतो. यावर उपाय म्हणून एखाद्या दिवशी सरासरी गोठवावी लागते, आणि सरकारने ती गोठविलीही. परंतु गोठविलेल्या सरासरीस विकसित जिल्हा रोज मागे टाकत असतो, आणि अनुशेष संपला असे सरकार जाहीर करते त्या दिवशी मागास जिल्ह्याला आपण पूर्वीइतकेच मागे आहोत असे दिसते. दोघेही खरे बोलत असतात.

१९९४ साली राष्ट्रपतींच्या आदेशान्वये तीन वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली, त्यांच्या पाठोपाठ निर्देशांक व अनुशेष समिती नेमली गेली, आणि १ एप्रिल १९९४ रोजीची स्थिती धरून तिने नवा अनुशेष काढला तो १४,००६.७७ कोटींचा. दहा वर्षांत किमती वाढल्या होत्या, मोजण्याची मापेही बदलली होती, म्हणून रुपयांची तुलना निरर्थक आहे. वाट्यांची तुलना मात्र बोलकी आहे. विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेला, मराठवाड्याचा साडेतेविसांवरून साडेअठ्ठाविसांवर, आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ वरून २४ वर उतरला. म्हणजे अनुशेष भरून काढण्याचे दशक म्हणून जे उल्लेखिले गेले, त्या दशकात ज्याचा अनुशेष खरोखर हलका झाला तो प्रदेश मुंबई-पुण्याचा होता.

त्याच सुमारास आणखी एक निकड उपस्थित झाली. बच्छावत लवादाने कृष्णेच्या पाण्यापैकी ५६० अब्ज घनफूट महाराष्ट्रास दिले होते आणि निवाड्याच्या फेरविचारास ३१ मे २००० नंतर मोकळीक ठेवली होती; त्या मुदतीच्या आत पाणी अडविले नाही तर हक्क दुबळा होईल, अशी भीती होती. १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापून, सरकारच्या हमीवर खुल्या बाजारातून कर्जरोखे काढून धरणांची कामे घाईने हाती घेतली गेली. विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी-मराठवाडा यांची महामंडळे त्यानंतरच्या दोन वर्षांत निघाली, पण कृष्णेला तारीख होती आणि विदर्भातल्या वैनगंगेला नव्हती. यात केवळ कपट पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. आंतरराज्य तंट्यात हक्क राखणे हे कोणत्याही सरकारचे कर्तव्यच होते. पण हक्क राखण्यासाठी उभारलेला पैसा ज्या खोऱ्यात गेला ते खोरे आधीच पुढे होते, हेही तितकेच खरे.

राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी डिसेंबर २००१ मध्ये निधिवाटपाचे निदेश काढले आणि त्यांचे पालन अर्थसंकल्पात दिसावे असा आग्रह धरला. लोकांनी न निवडलेल्या राज्यपालाने लोकनियुक्त सरकारच्या तिजोरीस बांध घालावा, ही गोष्ट संसदीय पद्धतीच्या तत्त्वास छेद देणारी आहे. आणि अशा बांधाखेरीज बहुमताच्या गणितात मागास प्रदेशाच्या आमदारांचे काही चालत नाही, हाही अनुभव आहे. या पेचातून घटनाकारांनाच सुंदर मार्ग सापडला नव्हता, तेव्हा राज्यकर्त्यांना दोष तो किती द्यावा?

तरतूद मिळाली म्हणजे पाणी मिळाले असे नव्हे, याचा वस्तुपाठ भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द प्रकल्पाने घालून दिला. वैनगंगेवरील या धरणाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा. पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन भिजावयाची होती. २००९ साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि खर्चाचा सुधारित अंदाज १८,००० कोटींच्या पुढे गेला. भिंत उभी राहिली, पाणी अडले, गावे बुडाली. कालवे, वितरिका आणि शेतापर्यंतच्या चाऱ्या मात्र मागे रेंगाळल्या. वनसंवर्धन अधिनियमाने १९८० पासून जंगलातील प्रत्येक चारीसाठी दिल्लीची परवानगी लागू लागली, आणि विदर्भाची धरणे बहुधा जंगलाच्याच कडेला. भूसंपादनाचे दावे, कामाचा दर्जा, पुनर्वसनाचे तंटे यांची भर त्यात पडली. ताळेबंदात खर्च झालेला प्रत्येक रुपया अनुशेष भरल्याच्या बाजूस जमा होत होता.

पश्चिम विदर्भात तर निसर्गानेच अडचण करून ठेविली आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोहों बाजूंनी पसरलेला खारपाणपट्टा हा काळ्याभोर, खोल, भेगाळणाऱ्या मातीचा प्रदेश. वरून पाहणाऱ्यास वाटावे की याहून सुपीक जमीन नसेल. पण विहीर खणावी तर पाणी खारे लागते, ते पिण्याच्या कामाचे नाही आणि पिकाला दिले तर माती चिकट होऊन बसते. येथील शेतकऱ्याला विहीर, मोटार आणि वीजजोडणी या सरकारी त्रयीचा काडीचा उपयोग नाही. शेततळ्यात पावसाचे गोड पाणी साठवावे आणि कपाशी-तुरीला एखाद-दुसरे पाणी द्यावे, एवढीच त्याची वाट. राज्याच्या सरासरीवरून काढलेल्या अनुशेषात कृषिपंपांच्या संख्येचा रकाना असतो. त्या रकान्यात अकोला जिल्हा मागास दिसतो आणि त्यावर उपाय म्हणून आणखी पंप सुचविले जातात!

जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यातील २,१७७ कोटी मोठ्या-मध्यम-लहान पाटबंधाऱ्यांसाठी होते. ज्याचे पीक त्या खरिपात बुडणार होते त्याला वर्षानुवर्षांनी पुऱ्या होणाऱ्या कालव्याचा काय आधार? तातडीच्या दुःखास दिलेल्या पैशाचा मोठा भाग पुन्हा प्रदेशाच्या नावाने, प्रकल्पाच्या खात्यात गेला.

याउलट ज्या दोन उपायांनी मला अधिक काही साधलेसे वाटते, त्यांच्या नावात प्रदेश नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात करून पाहिलेली, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेली रोजगार हमी योजना हा त्यांतील पहिला. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसायकर बसविण्यात आला आणि जमेइतकीच रक्कम सरकारने स्वतः घालावी असे ठरले. मुंबईतील नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपयांची जी वजावट दिसते, तिचे मूळ येथे आहे. मुंबईचा पैसा माण-खटाव, आष्टी-पाटोद्याच्या बांधबंदिस्तीवर दगड फोडणाऱ्या बाईच्या हाती पोहोचविण्याची याहून सरळ योजना या राज्यात झाली नाही. तिच्यात बनावट हजेरीपट होते, अर्धवट रस्ते होते, मजुरी उशिरा मिळत होती. परंतु ज्याने काम मागितले त्यासच पैसा मिळावयाचा असल्यामुळे, मागास कोण हे ठरविण्यासाठी समिती नेमण्याची गरज पडत नव्हती.

दुसरा उपाय २००६ चे मानव विकास मिशन. आरंभी २५ तालुके, पुढे २२ जिल्ह्यांतील १२५ तालुके. घटक जिल्ह्याहून लहान, म्हणून सरासरीच्या पडद्याआड दडलेला तालुका उघडा पडला. याच मिशनने एस.टी.च्या निळ्या गाड्या दिल्या. गावात सातवीपर्यंतच शाळा, पुढची शाळा पाच-सात किलोमीटरवर, आणि वयात आलेल्या मुलीस एकटीने पायी कोण पाठविणार, अशा ठिकाणी या गाड्यांनी आठवी ते बारावीच्या मुलींस फुकट ने-आण केली. रस्त्याच्या अनुशेषाचा आकडा त्याने कमी झाला नाही. रस्ता तोच राहिला, त्यावरून जाणारे माणूस वाढले.

विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने २०१३ साली जो अहवाल दिला आणि जो डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळापुढे आला, त्याने अनुशेषाच्या जुन्या हिशेबापासून दूर सरून पाण्याचा विचार तालुक्याच्या गरजेशी जोडण्याचा प्रयत्न केला. विदर्भ-मराठवाड्यात त्याचे स्वागत थंडपणे झाले, कारण अनुशेष हे आता केवळ मोजमाप राहिले नव्हते, ते हक्काचे कागदपत्र झाले होते, आणि वसुली पुरी होण्यापूर्वी कोणी कागदपत्र परत करीत नाही.

३० एप्रिल २०२० रोजी तिन्ही विकास मंडळांची मुदत संपली आणि ती वाढविली गेली नाही. पुनरुज्जीवनाचा निर्णय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये सारे ७०१ किलोमीटर. त्या मार्गाच्या दोहों बाजूंस जमिनीचे भाव चढले, आणि उद्योगखात्याच्या जुन्या कोष्टकाचा अनुभव ध्यानी घेता, कारखाने त्यावरून नागपूरकडे जातील की नागपूरचा तरुण त्यावरून मुंबईकडे, हे ठरण्यास वेळ लागेल. अक्राणी तालुका मात्र नागपूर करारापासून आजतागायत त्याच ‘उर्वरित महाराष्ट्रा’च्या रकान्यात आहे ज्यात मुंबई आहे. त्याच्यासाठी वेगळे मंडळ कोणी मागितले नाही, कारण तेथील आमदारांची संख्या वाटपाच्या वाटाघाटीत कधीच मोजण्याजोगी नव्हती.